तेरा जण लिस्बनला, एक जण वसईत

३१ जुलैला सुट्टी मागून बघितलीय कधी? तुम्ही सीए फर्ममध्ये नोकरीला असाल तर मागूच नका. इन्कम टॅक्स रिटर्न भरायचा तो शेवटचा दिवस. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी आजारीसुद्धा पडत नाही. आणि मी २०२३ साली नेमकी तीच सुट्टी मागायला सरांच्या केबिनमध्ये उभी होते.

‘सर, २९ जुलै ते ८ ऑगस्ट.’

सरांनी चष्मा काढला. ‘मध्ये ३१ जुलै येतो.’

‘हो सर.’

‘घरात लग्न आहे?’

‘नाही सर. पोपना भेटायला चाललेय.’

सर मिनिटभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘वीस वर्षांत सुट्टीसाठी एवढी सॉल्लिड थाप कुणी मारली नव्हती. जा.’

थाप नव्हती हो! मी वसईची. आमच्याकडे चर्चच्या परिसराला धर्मग्राम म्हणतात, आणि प्रत्येक धर्मग्रामाचा एक यूथ ग्रुप असतो. रविवारच्या मिस्सानंतर भेटायचं, नाताळात गोठा उभारायचा, पावसाळ्यात एखादी सहल काढायची, आणि वर्षभर ‘पोरं काही कामाची नाहीत’ हे मोठ्यांकडून ऐकायचं. आमच्या ग्रुपमध्ये चौदा जण होते. बँकेतले, बीपीओतले, एक नर्स, एक शाळेतला सर, मी आणि वायरमन.

जागतिक युवा दिन म्हणजे वर्ल्ड यूथ डे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ही परंपरा. दर दोन-तीन वर्षांनी वेगवेगळ्या देशात जगभरातली कॅथलिक तरुण मंडळी जमतात. नाव ‘दिन’, पण कार्यक्रम आठवडाभर चालतो. लिस्बनचा खरं तर २०२२ मध्ये व्हायचा होता, कोविडमुळे एक वर्ष पुढे गेला. आमच्या दृष्टीने बरंच झालं, पैसे जमवायला वर्ष मिळालं.

आणि आम्ही जमवले! चर्चच्या सणाला इंदल आणि फुग्यांचा स्टॉल लावला. हाउझीची तिकिटं विकली. सुकेळ्यांची पाकिटं करून ऑफिसात नेली. माझ्या फर्ममधल्या निम्म्या लोकांना वसईची सुकेळी म्हणजे काय हे माझ्यामुळे कळलं. या सगळ्यात सगळ्यात जास्त राबला तो वायरमन.

त्याचं खरं नाव वेगळं, पण ते आता त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. आमच्याच आळीतला, माझ्याहून वर्षाने लहान. इलेक्ट्रिशियन. स्टॉलला लायटिंग त्याचं, माईक त्याचा, रात्री दोन वाजता जनरेटर बंद पडला तर धावणारा तोच. स्वतःची कामं सोडून यायचा. एकदा मी म्हटलं, ‘अरे, तुझं नुकसान होतंय.’ तर म्हणाला, ‘लिस्बनला जाऊन वसूल करणार.’

जून २०२२ मध्ये त्याने मला विचारलं होतं, ‘माझा रिटर्न भरशील का? एजंट म्हणतो व्हिसाला लागतो.’ मी म्हटलं, ‘हो, करून टाकू.’ त्याच्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांसाठी जो फॉर्म असतो ना, आयटीआर-४, त्याचं नावच ‘सुगम’ आहे. माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम. त्या सीझनला मी दोनशेच्या वर रिटर्न भरले. त्याचा राहिला.

३१ जुलै गेली. मी म्हटलं, उशिराचा रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतो, टेन्शन घेऊ नकोस. दिवाळीत त्याने आठवण केली. नाताळच्या आदल्या आठवड्यात गोठ्याला दिवे लावता लावता परत केली. आणि एक जानेवारीला सकाळी जाग आली तीच धडधडत. तारीख गेली होती.

पुढे एजंटने फायली तपासल्या. बाकीच्या तेरा जणांच्या फायलीत पगाराच्या स्लिपा होत्या, फॉर्म सोळा होता. वायरमनच्या फायलीत बँकेचं पासबुक आणि दोन-चार बिलं. एजंटने ती फाइल पुढे नेलीच नाही, परत केली. ग्रुपमध्ये सगळे हळहळले. मीही हळहळले. पण खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही.

निघताना तो आम्हाला सोडायला आला. बॅगा टेम्पोत चढवल्या. मला म्हणाला, ‘माझ्यासाठी काही आणू नकोस. फक्त आल्यावर खरं खरं सांग, कसं होतं ते.’

तर असे आम्ही तेरा जण ३१ जुलैला लिस्बनमध्ये पोचलो.

मुक्काम एका शाळेत. वर्गाच्या जमिनीवर स्लीपिंग बॅग, आंघोळीला रांग, आणि शेजारच्या वर्गात कोणत्या तरी देशाचा ग्रुप, पहाटे पाचला गिटार वाजवणारा! पहिल्याच दिवशी आमच्यातला एक जण साबण विसरल्याचं लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. इंग्लिशमध्ये विचारलं, हातवारे केले, काउंटरवरच्या आजींना काही कळेना. शेवटी वैतागून तो मराठीत ओरडला, ‘साबण, साबण!’ आणि आजींनी हसत हसत साबण काढून दिला.

मग आम्हाला खेळच मिळाला. चावी, पाव, बटाटा... थोडा उच्चार वाकडा केला की झालं! वसईवर पोर्तुगीजांचं राज्य १५३४ ते १७३९, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर. किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला, पण शब्द राहून गेले. शाळेतल्या सरांनी त्यात भर घातली, ‘पगारसुद्धा त्यांचाच. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे चुकतं करणं, देणं फेडणं.’

सगळे हसले. मला हसता आलं नाही. पगाराची स्लिप नाही म्हणून एक जण वसईत होता, आणि माझं देणं तसंच राहिलं होतं.

गुरुवारी, ३ ऑगस्टला, शहराच्या मधोमध असलेल्या एदुआर्दो सातवा पार्कमध्ये पोप फ्रान्सिस आले. लाखोंची गर्दी. तुम्ही विचाराल, गर्दीची भीती नाही वाटली? अहो, आम्ही रोज विरार फास्टने येतो-जातो! आमची नर्स तर म्हणाली, ‘इथे श्वास घेता येतोय म्हणजे गर्दी नाहीच.’ पोप आम्हाला दिसले ते स्क्रीनवर. भाषण स्पॅनिशमध्ये, कानात रेडिओवर इंग्लिश भाषांतर. पण एक वाक्य भाषांतराशिवाय कळलं. चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, असं ते म्हणाले, आणि मग लोकांकडून वदवून घेतलं, ‘तोदोस, तोदोस, तोदोस.’ सगळे, सगळे, सगळे. लाखो पोरं एका आवाजात ओरडत होती. आमचे बारा जणही.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सगळे कुठे? आमच्यातला एक कमी होता. आणि त्याला चर्चने अडवलं नव्हतं, कुठल्या सरकारनेही नव्हतं. मी अडवलं होतं. मुद्दाम नाही, आळसाने. आपण आपल्या जवळच्या माणसाचं काम सगळ्यात शेवटी करतो, कारण तो भांडणार नाही हे माहीत असतं. क्लायंटचा फोन आला की धावतो. मित्राला ‘करून टाकू’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलेंला गेलो. वास्को द गामाची कबर तिथल्याच भल्यामोठ्या मठाच्या चर्चमध्ये आहे. जवळच्या बागेत, तीही त्याच्याच नावाची, ओळीने दीडशे कन्फेशनच्या जागा मांडल्या होत्या. कन्फेशन म्हणजे फादरांपुढे बसून आपल्या चुका कबूल करायच्या. साध्या लाकडी फळ्यांच्या त्या जागा पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवल्या होत्या. म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झालाय, त्यांनी बनवलेल्या बाकावर बसून बाकीच्यांनी आपले गुन्हे सांगायचे! त्या सकाळी स्वतः पोपनी तिथे तीन तरुणांचं कन्फेशन ऐकलं होतं.

खरं सांगते, मी तीन वर्षं कन्फेशनला गेले नव्हते. रांगेत उभी राहिले तेव्हाही पाय मागे येत होते. आत एक म्हातारे फादर होते, मोडकं इंग्लिश बोलणारे. मी नेहमीची यादी सुरू केली, रविवार चुकवले, खोटं बोलले, आईवर चिडले. मग थांबले. आणि वायरमनची गोष्ट सांगितली. रिटर्न म्हणजे काय, हे समजावण्यातच पाच मिनिटं गेली. टॅक्सच्या फॉर्मसाठी रडणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘हे त्याला माहीत आहे?’

‘नाही.’

‘मग मला सांगून अर्धंच झालं.’

एवढंच. मी बाहेर आले. हलकं-बिलकं काही वाटलं नाही. उलट परत जाऊन काय करायचंय ते कळल्यामुळे पोटात गोळा आला.

शनिवारी रात्री सगळे तेझू नदीकाठच्या मैदानावर. शेजारी वास्को द गामाच्याच नावाचा, टोक न दिसणारा पूल. दिवसभर पारा पस्तिशीच्या पलीकडे, पाठीवर सॅक, किलोमीटर न किलोमीटर चाल. नंतर आकडा कळला, पंधरा लाख माणसं. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आत आहे. म्हणजे आपलं सगळं गाव एका मैदानात झोपायला आलंय, वर आणखी पावणेतीन लाख पाहुणे!

रात्री प्रार्थनेच्या वेळी ते पंधरा लाख एकदम गप्प झाले. एवढी शांतता मी वसईच्या शेतातही ऐकलेली नाही. विरार लोकलमध्ये आपण गर्दीत एकटे असतो, कानात इअरफोन आणि नजर मोबाइलवर. इथे उलटं झालं. गर्दी एवढी मोठी, की मनात एकच माणूस उरला.

रविवारी पहाटे जाग आली ती टेक्नो म्युझिकने. स्टेजवर चक्क एक फादर डीजे, गिलेर्मे पेशोतो! शर्टाला पांढरी कॉलर, कानाला हेडफोन. आमचे बँकवाले स्लीपिंग बॅगसकट नाचत होते. मिस्सानंतर पोपनी पुढचं ठिकाण जाहीर केलं, दक्षिण कोरियाची राजधानी सोल, २०२७. कोरियन पोरांनी जल्लोष केला. आमच्यातला एक जण पुटपुटला, ‘परत सुकेळी विकायला लागणार.’

वसईत परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी वायरमनला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

‘सांग, कसं होतं?’

‘आधी दुसरं सांगायचंय.’ आणि सांगितलं. रिटर्न, तारीख, एक जानेवारीची सकाळ, सगळं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मला माहीत होतं गं. एजंटने विचारलं तेव्हाच कळलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘बोलत नव्हतोच. दोन महिने तुझ्याशी धड बोललो नाही. तुझ्या लक्षात आलं?’

नव्हतं आलं. आईशप्पथ नव्हतं आलं. मला वाटलं होतं मी एक फॉर्म विसरले. मी खरं तर माणूसच विसरले होते.

त्याने माफ केलं का? तसं काही तो म्हणाला नाही. सिनेमातल्यासारखी मिठीही मारली नाही. फक्त उठता उठता म्हणाला, ‘या वर्षीची पण तारीख गेली ना? तू तिकडे होतीस तेव्हा.’ मी म्हटलं, ‘डिसेंबरपर्यंत आहे. पण आज भरायचा.’ आणि त्याच रात्री त्यांच्या ओटीवर, त्याच्या आईच्या हातचा चहा पीत, लॅपटॉपवर ‘सुगम’ उघडला. पंचवीस मिनिटं लागली.

त्यानंतर दर वर्षी त्याचा रिटर्न मी सगळ्यांच्या आधी भरते. क्लायंट थांबतात. २१ एप्रिल २०२५ला पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला. पार्क, स्क्रीन, झेंडे, आमचे तेरा चेहरे. वायरमनने फोटो नाही टाकला. त्याच्याकडे नव्हताच. त्याने एक शब्द लिहिला, ‘तोदोस.’ मी त्याला ते सगळं खरं खरं सांगितलं होतं ना!

ऑगस्ट २०२७ मध्ये सोलला तो जाईल का? आता म्हणतो बघू. धंदा वाढलाय, हाताखाली दोन पोरं ठेवलीत. दर महिन्याच्या एक तारखेला मला त्याचा मेसेज येतो, सोबत दोन कागदांचा फोटो आणि एकच प्रश्न, ‘बरोबर आहे ना?’

त्या पोरांच्या पगाराच्या स्लिपा असतात. तो हाताने लिहितो, सही करतो, आणि न चुकता देतो. मी लगेच तपासते. ऑफिसात कितीही काम असू दे.