पोत्यांवर बसलेला माणूस

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग मागे टाकून सेमाडोहला सिपना नदीच्या काठी उतरतो. दोन्ही अंगांना सागवान, एका बाजूस दरी आणि वळणामागून वळण. मेळघाटाचा बराचसा व्यवहार याच घाटातून चालतो. वर किराणा आणि सिमेंट जाते, खाली सोयाबीन आणि मका येतो, आणि मालाच्या वर माणसे बसलेली असतात. एस. टी. चुकली की गरीब कोरकू कुटुंबाला मालवाहू ट्रकखेरीज दुसरे वाहन कोठले? सप्टेंबर 2024 मध्ये सेमाडोहजवळ खाजगी प्रवासी बस पुलावरून कोसळली, तेव्हा या रस्त्याचे नाव सर्वत्र पोहोचले. ट्रक उलटतो तेव्हा बातमी दोन ओळींत आटोपते. घरच्यांची वणवण मात्र वर्षानुवर्षे चालते.

धर्मग्रामातील आम्ही काही जण अशा घरांच्या कागदपत्रांसाठी धावपळ करीत असतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक वकिलाकडे कारकुनी केलेले गृहस्थ आहेत. बाकीचे केवळ अर्ज नीट लिहिता येतो म्हणून. प्रभूच्या दाखल्यातील यरुशलेम ते यरीहो हा मार्गही उतरणीचाच होता, हे घाटात राहिल्यावर अधिक उमगते. आपल्या देशाच्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्यास त्याने संरक्षण दिले आणि त्या माणसाला नाव दिले ते लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याचे! परंतु शोमरोन्याचे काम जखमेवर तेल ओतून संपले नव्हते. उतारशाळेच्या मालकाला त्याने दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असा शब्दही दिला. आमचा संबंध दाखल्याच्या या उत्तरार्धाशी येतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक ट्रक सेमाडोहच्या अलीकडे उलटला आणि 32 वर्षांचा एक तरुण दगावला. घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. हे कुटुंब आपल्या पंथाचे नव्हते; शोमरोन्यानेही ते विचारले नव्हते. मिळकतीचा पुरावा नसला तरी न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते. समजा, महिना 9,000 रुपये धरले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निर्णयांनुसार भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाचा आकडा काढून त्यास वयानुसार 16 ने गुणायचे. रक्कम होते 18,14,400 रुपये. त्या घरात एवढा आकडा कोणी कधी उच्चारलाही नसेल.

तो मिळणे वा न मिळणे एका प्रश्नावर अवलंबून असते : ट्रकमध्ये बसलेला माणूस कोण होता? वाहनमालकाचा हमाल असेल, तर कामगार म्हणून त्याला विम्याचे छत्र आहे. व्यापाऱ्याने लावलेला हमाल असेल, तर नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. स्वतःचा माल घेऊन निघालेला असेल, तर 1994 च्या दुरुस्तीने त्याचा समावेश झाला आहे. आणि नुसताच प्रवासी असेल, तर 2002 च्या निर्णयाप्रमाणे विमा कंपनी बांधील नाही. भरपाई ट्रकमालकाने द्यायची. या ट्रकमालकाची सारी मालमत्ता म्हणजे तोच कर्जाऊ ट्रक, जो दरीत पडला होता.

पोलिसांच्या पहिल्या जबाबात शब्द होता ‘प्रवासी’. कचेरीभोवती वावरणारा एक दलाल म्हणाला, ‘हमाल लिहा. मालक सही देतो, मी बघून घेतो.’ आठवी आज्ञा आम्हांला पाठ होती, तरी त्या आईच्या तोंडाकडे पाहून क्षणभर कोणी बोलले नाही. बोलली ती पत्नी. ‘हमाल नोयता तो. आपलं सोयाबीन इकाले नेत होता.’

ही गोष्ट तोवर तिला कोणी विचारलीच नव्हती. मग आम्ही शोध घेतला. पंचनाम्यात ‘सोयाबीनची पोती विखुरलेली’ एवढेच होते, ती कोणाची याचा उल्लेख नव्हता. सर्वेक्षकाने नुकसानीसाठी काढलेल्या छायाचित्रांत मात्र काही पोत्यांची तोंडे लाल लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली दिसली. उरलेले लुगडे तिच्या घरी होते. चालकाच्या भाड्याच्या वहीत त्याच्या नावापुढे सहा पोती आणि भाडे नोंदलेले आढळले. दुरुस्त कायद्याने 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला 6 महिन्यांची मुदत घातली आहे. त्या आत आम्ही अचलपूरला अर्ज दाखल केला.

कंपनीच्या वकिलांनी 2007 चा निर्णय पुढे केला : मालाचा मालक केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. हा तर वर, पोत्यांवर बसला होता. कारण केबिनमध्ये तान्हे मूल घेतलेली एक बाई होती आणि जागा तिला दिली गेली, असे चालक सांगतो. कायद्याच्या दृष्टीने या कारणाला किती वजन आहे, याबद्दल आमचे वकीलही फारशी आशा दाखवीत नाहीत. त्यांचा भर आहे तो 2004 च्या निकालावर, ज्यात न्यायालयाने कंपनीला आधी रक्कम भरून नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले होते. तसा आदेश मिळेलच असे नाही. ट्रकमालक या गोष्टीला घाबरतो, आणि त्याचे घाबरणेही खोटे नाही. तोही रविवारी आमच्याच बाकावर बसतो.

पुढच्या तारखेला चालकाची उलटतपासणी आहे. वही, छायाचित्र आणि लाल लुगड्याचा तुकडा पिशवीत घालून आम्ही तिच्यासह सकाळच्या पहिल्या एस. टी.ने निघणार आहोत.