होडीची खालची बाजू

होडीला खालची बाजू असते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. तोवर होडी म्हटले की शीड, वारा आणि फार तर भिंतीवरचे कॅलेंडर, एवढेच डोळ्यांपुढे यायचे.

दिवाळीत मामांकडे देवगडजवळ गेलो तो कामगिरीवर. मामेभाऊ ठाण्याला असतो. त्याने फोनवर बजावले होते, "तू बँकवाला. हिशेब मांड नि त्यांना होडी विकायला पटव. चौऱ्याहत्तरी झाली, अजून शीड ओढतात!" मी बी.कॉम. त्यामुळे फूलस्केप कागदावर घसारा, दुरुस्ती, बुडीत व्याज असा ताळेबंद करून खिशात घातला.

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येनंतरच्या उधाणाला होडी किनाऱ्यावर ओढली. त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला परत पाण्यात. म्हणजे पंधरा दिवसांची मुदत ठेव. मुदतीआधी मोडता येत नाही. मी खिशातून कागद काढणार, तोच मामांनी हातात पत्र्याची खरवडणी दिली. "आधी घास. ओली आसा तवर सुटतत, सुकली की दगड."

तळाला खडूसारखे पांढरे, टणक कवच असलेले शेकडो जीव चिकटले होते. इंग्रजीत त्यांना बार्नॅकल म्हणतात. चार्ल्स डार्विनने त्यांच्या अभ्यासात आठ वर्षे घातली. मी चार तास घातले आणि माझी कंबर उत्क्रांतीत चार पायऱ्या मागे गेली. हा प्राणी लहानपणी मोकळा पोहतो, मग एक जागा पसंत करून तिथे डोके कायमचे चिकटवतो, भोवती घर बांधतो आणि उरलेले आयुष्य पाय हलवून पोट भरतो. आमच्या शाखेतल्या सहकाऱ्यांची नावे मी इथे घेत नाही. आरशातही पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी रंग खरवडायचा होता. मामांनी नाकाला पंचा बांधायला लावला. या रंगात किडे मारायला तांब्याचे क्षार असतात, भुकटी पोटात गेली तर किडा नि कारकून असा भेद करीत नाही. एकेक थर निघू लागला. तांबड्याखाली निळा, निळ्याखाली हिरवा.

"हो हिरवो बाळ्याच्या लग्नाचो," मामा म्हणाले. "मांडवाच्या खांबांचो उरललो. निळो तुज्या मामीच्या आजारपणातलो. स्वस्तातलो घेतललंय."

एका जागी थर नव्हताच. तिथे वेगळ्या लाकडाचे हातभर ठिगळ होते.

"आणि हे काय, मामा?"

मामा थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. "मामी गेली त्या वर्षी रंग लावूक हात इलो नाय. एकाच वर्षात किड्यान फळी पोखरल्यान."

आयुष्यभर मी लेजरे तपासली, पण न झालेली नोंद इतकी स्पष्ट वाचायला मिळाली नव्हती.

संध्याकाळी कर्तव्य म्हणून कागद काढला. "मामा, होडीवर दरवर्षी घसारा..."

"घसारो माका कळता," मामा म्हणाले. "घासल्याशिवाय होडी चलणा नाय. बाळ्यान सांगल्यान मां तुका?"

मी गप्प. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या. "कागद बरो जाड आसा," म्हणत ब्रश पुसायला ठेवला.

मग तांबडा रंग लावला. एक हात, तो सुकल्यावर दुसरा. मी वरच्या काठावर जरा नक्षीदार हात फिरवू लागलो, तर मामा म्हणाले, "वरचो रंग लोकांसाठी, खालचो होडीसाठी. आधी खालचो."

पौर्णिमेपर्यंत रजा नव्हती. होडी पाण्यात गेल्याचे फोनवरच कळले. मामेभावालाही मी फोन केला. म्हटले, "सगळा हिशेब केला. पुस्तकी किंमत शून्य आहे, विकून तोटाच. त्यापेक्षा पुढच्या दिवाळीत तू ये. एक खरवडणी जास्तीची आहे."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तो हिरवा अजून आहे का रे?"

"थोडा होता. मी खरवडला."

"सगळा?"

सगळा नाही. उलांडीकडच्या बाजूला वीतभर मामांनी खरवडू दिला नव्हता. पण हे मी त्याला सांगितले नाही. येऊन बघू दे की!