दुबळा पाय

मैदानावर जय मिळविण्यास बळ लागतें, चपळाई लागते, हें कोणीही सांगेल. परंतु आपल्याजवळ आलेला चेंडू योग्य क्षणीं दुसऱ्यास देण्याची बुद्धि लागते, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. फुटबॉलचा विषय निघाला कीं मला मुंबईच्या रोव्हर्स चषकाची व त्याच्याशीं निगडित असलेल्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगावीशी वाटते.

ही स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. पहिला मान गोऱ्या सैनिकांच्या वूस्टरशायर पलटणीनें मिळविला, आणि पुढेंही कित्येक वर्षें पलटणींचेंच वर्चस्व राहिलें. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें चषक जिंकला, तेव्हां तो प्रथमच भारतीय संघाच्या हातीं आला. याहूनही मोठा पराक्रम पुढें हैदराबाद सिटी पोलिस संघानें केला. १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें त्यानें हा चषक दुसऱ्या कोणास मिळूं दिला नाहीं!

त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर व पेशानें शिक्षक. त्यांनीं हैदराबादेंत तरुण मुलांसाठीं दोन निराळ्याच प्रकारच्या स्पर्धा भरविल्या. एकींत चेंडू पायाशीं खेळवीत एकट्यानेंच पुढें नेण्यास मनाई होती. तो आला कीं सोबत्याकडे धाडावयाचा. दुसरींत प्रत्येकानें आपल्या दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा. ज्याचा उजवा पाय तरबेज, त्यानें डावा वापरावयाचा. पहिल्या नियमानें मीपणा झडतो, दुसऱ्यानें उणीव भरून निघते. केवढें शहाणपण या दोन साध्या नियमांत सांठविलेलें आहे!

रहीमसाहेबांच्या वाट्यास अपयशही आलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांच्या भारतीय संघाचा युगोस्लाव्हियानें १० विरुद्ध १ असा पराभव केला. आपले कित्येक खेळाडू त्या थंड प्रदेशांत अनवाणी खेळले होते. पण ते खचले नाहींत. चारच वर्षांनीं मेलबर्न येथें आपला संघ चौथा आला, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या चार गोलांपैकीं तीन मुंबईच्या नेव्हिल डिसूझानें केले. १९६२ सालीं जकार्ता येथें आपण आशियाई सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां रहीमसाहेबांस कर्करोगानें ग्रासलें होतें. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.

आतां आपल्या कळवणकडे वळूं. डोंगरवाटा तुडवीत शाळेस येणाऱ्या आमच्या मुलांच्या पायांत बळाची वाण नाहीं. तरी सायंकाळीं मैदानावर पाहावें, तों चेंडू दोघांतिघां तरबेज मुलांच्या पायांशींच घोटाळत असतो. कडेला एखादा लहानगा हात वर करून "मला दे, मला दे" म्हणून ओरडत असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. असे चार दिवस जातात, आणि पांचव्या दिवशीं तो मैदानावर दिसेनासा होतो. संघाची हानि झाली, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. वर्गांतही असेंच एखादें मूल मागच्या बांकावर हात वर करून थकत असेल काय, या विचारानें माझें मन अस्वस्थ होतें.

पालकहो, मूल खेळून घरीं आलें कीं "गोल किती केलेस?" असें आपण विचारतों. एखादे दिवशीं "चेंडू कोणास दिलास?" असें विचारून पाहावें.

रोव्हर्स स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडली. परंतु मास्तरांचे ते दोन नियम पाळण्यास चषक लागत नाहीं, कीं मोठें मैदानही लागत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, यंदा एक सामना केवळ दुबळ्या पायानें खेळून पाहा. आरंभीं सारेच अडखळतील, सारेच हंसतील. पण त्या दिवशीं तरबेज आणि नवखा एका पायरीवर उभे राहतील, आणि कडेला उभ्या असलेल्या त्या लहानग्याकडेही चेंडू येईल.