कंटाळा आला, फार बरं झालं!

बालमित्रांनो, 'कंटाळा आला' असं म्हटलं की तुम्हांला घरी काय ऐकावं लागतं, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः प्राथमिक शाळेत बाई आहे. वर्गात दिवसातून दहा वेळा तरी हा शब्द माझ्या कानांवर पडतो आणि दहाही वेळा मी डोळे मोठे करते! पण आज मी तुम्हांला एका चांगल्या कंटाळ्याची गोष्ट सांगणार आहे. हा कंटाळा माझ्या आईला आला होता, आणि तो आला म्हणून आमच्या घराचं भलं झालं.

माझं बालपण चंद्रपूरच्या बाजूच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत गेलं. चंद्रपूर म्हटलं की तुम्हांला उन्हाळा आठवत असेल. खरंच आहे ते! पण आमच्याकडचा हिवाळाही काही साधा नसतो बरं का. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी घर ऊबदार ठेवायला आमच्याकडे एकच साधन होतं, कोळशाची शेगडी. आमच्या भागात तिला 'सिगडी' म्हणतात. बाबा खाणीत कामाला, त्यामुळे घरी जाळायला कोळसा मिळायचा. मागच्या अंगणात ढीगच असायचा. पैसे द्यायला नकोत, रांग लावायला नको. मग आणखी काय हवं?

आता ही सिगडी पेटते कशी, ते ऐका. लोखंडी बादलीला आतून मातीचा जाड लेप, मध्ये जाळी आणि खाली राख काढायला एक तोंड, अशी आमची सिगडी होती. पहाटे पाच वाजता आई उठायची. आधी कालची राख उपसायची. मग हातोडीनं कोळशाचे मोठे खडे फोडायचे. जाळीवर गोवरीचे तुकडे, त्यावर काटक्या, त्यावर कोळसा रचायचा. थोडं रॉकेल शिंपडून काडी लावली, की सुरू व्हायचा धूर. पिवळट, जाड, डोळ्यांत झोंबणारा! त्या वेळी सिगडी अंगणातच ठेवायची आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचं. ते काम माझं आणि धाकट्या भावाचं. धूर सरून कोळसे लालबुंद झाले की दोन्ही बाजूंच्या कड्या धरून आई ती घरात आणायची. संध्याकाळी पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून!

आमच्याकडच्या कोळशात राख फार. घमेलंभर कोळसा जाळला की राख आणि न जळलेले दगड यांचाच ढीग उरायचा. ती राख उकिरड्यावर टाकायची, थोडी भांडी घासायला ठेवायची. दिवाळीला चुना लावून पांढरी केलेली भिंत संक्रांतीपर्यंत काळी व्हायची. दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. नाक शिंकरलं तर रुमाल काळा! आईच्या तळहातांच्या रेघांत जी काजळी बसायची, ती होळीपर्यंत निघत नसे. आणि तिचा खोकलाही होळीपर्यंत जात नसे.

चला, एक गणित करू या. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, म्हणजे रोज दीड तास. हिवाळ्याचे शंभर दिवस धरले, तर किती झाले? दीडशे तास! एवढा वेळ आई फक्त सिगडीजवळ घालवायची. पण हे गणित तेव्हा घरात कुणी केलंच नव्हतं. कोळसा फुकट होता ना!

त्यातच १९९९ सालच्या जानेवारीतली ती रात्र आली. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. आजी गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. गावाकडचं तिचं घर कवेलूंचं. कवेलूंच्या फटींतून धूर निघून जायचा, बाहेरची हवा आत यायची. आमचं क्वार्टर मात्र स्लॅबचं, एका खिडकीचं. "लय हिव लागते माय," म्हणत आजीनं खिडकी लावली आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी सारली. सिगडीत निखारे धगधगत होते. धूर मुळीच नव्हता. आम्ही सगळे गाढ झोपलो.

मध्यरात्री भाऊ रडत उठला आणि त्याला उलटी झाली. आई उठायला गेली, तर तिला गरगरलं. माझं डोकं असं ठणकत होतं, की जणू कुणी हातोडी मारत आहे. आजी तर हाक मारूनही नीट ओ देईना. तेवढ्यात बाबा पाळीवरून आले. आईनं कसंबसं दार उघडलं. बाबांनी आत पाऊल टाकलं, सिगडीकडे पाहिलं आणि 'काय झालं' असंही न विचारता पहिल्यांदा दार-खिडकी सताड उघडली. "बाहेर! आधी सगळे बाहेर!" असं ओरडत त्यांनी आजीला उचलूनच अंगणात आणलं. मग सिगडी बाहेर नेली. आम्ही थंडीत कुडकुडत बसलो होतो; पण हळूहळू डोकं हलकं झालं. आजीला मात्र त्याच रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

बाबांना हे कसं कळलं? खाणीत कामगारांना विषारी वायूंची माहिती देतात. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही, की 'कार्बन मोनॉक्साइड' नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आपल्याला वाटतं. पण हा वायू लाल निखाऱ्यांतूनही निघतच असतो. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ते प्राणवायूला घेऊन शरीरभर फिरतं. समजा, हिमोग्लोबिन म्हणजे एसटीची गाडी. प्राणवायू बसायला येतो, तर हा लबाड वायू आधीच सगळ्या सीटांवर रुमाल टाकून बसलेला! हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही आणि माणूस झोपेतच दगावू शकतो.

पूर्वी इंग्लंडमधल्या खाणींत हा वायू ओळखायला पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी वापरत. माणसाच्या आधी त्या चिमुकल्या पक्ष्याला त्रास होई आणि कामगार बाहेर पळत. १९८६ साली तिथे पक्ष्यांऐवजी यंत्रं वापरायचं ठरलं. बाबांनी हे सांगितलं, तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "म्हणजे काल रात्री मीच कॅनरी झालो होतो!" आम्हांला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

त्यानंतर झोपण्यापूर्वी सिगडी बाहेर न्यायचा नियम झाला. पण सिगडी काही सुटली नाही. पहाटेची राख, धूर, खोकला, सगळं तसंच चालू होतं. तीन-चार वर्षांनी, दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी आईनं हातोडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मला आता कंटाळा आला. या वर्षी सिगडी नाही."

आजी चिडली. "काहून? कोळसा तर फुकटचा आहे न!"

"कोळसा फुकट असेल आई, पण माझे हात आणि माझी छाती फुकट नाही," आई म्हणाली.

आम्ही घाबरून बाबांकडे पाहिलं. कोळसा म्हणजे आमची रोजीरोटी. त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं. पण बाबा हसले. म्हणाले, "आठ तास तर मी कोळशातच असतो. घरी तरी कशाला हवा?"

मग आम्ही काय केलं? घरात गॅस होता, पण कोळसा फुकट म्हणून तो जपून वापरायचो. आता आंघोळीचं पाणी गॅसवर तापू लागलं. दाराच्या फटींना बाबांनी कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. आत निखारेच नाहीत, तर फटी बुजवायला भीती कसली? आईनं जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या शिवल्या. त्या दिवसा उन्हात टाकायच्या आणि ऊन उतरायच्या आत घडी करून ठेवायच्या. रात्री आजीच्या पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी असायची. आजी आठवडाभर कुरकुरली. मग एकदा शेजारणीला सांगताना मी तिला ऐकलं, "सून आता खोकलत नाही वो!" त्या वर्षी संक्रांतीला आमची भिंत पांढरीच होती.

मित्रांनो, असा कंटाळा फक्त माझ्या आईलाच आला असं नाही. लंडन शहरात घरोघरी कोळशाच्या शेकोट्या असत. १९५२ सालच्या ५ ते ९ डिसेंबरला तिथे वारा पडला आणि घरांचा, कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला. भर दिवसा समोरचं दिसेना. सुमारे चार हजार माणसं दगावली, असं तेव्हा मोजलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास सांगितला. मग १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरानं १ सप्टेंबर २०१९ पासून घरांत कोळसा आणि लाकूड जाळणंच बंद केलं. मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये तर हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो! तिथेही त्याच वर्षी मे महिन्यापासून कच्चा कोळसा जाळायला बंदी आली. लोकांना त्याऐवजी कोळशाच्या चुऱ्याच्या दाबून केलेल्या विटा मिळाल्या. पण सुरुवातीला काही घरांत त्या विटांच्या वायूनंही विषबाधा झाली. म्हणजे इंधन बदललं, तरी हवा खेळती लागतेच.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज आमच्या घरी विजेचा हीटर आहे. घरात धूर नाही, राख नाही. पण आमच्याकडची बरीचशी वीज कोळशापासूनच होते. म्हणजे कोळसा जळतोच आहे, फक्त आमच्या अंगणात नाही, दूर उंच धुराड्याखाली. म्हणून खोलीतून बाहेर पडताना मी हीटरचं बटण न विसरता बंद करते. या कोळशानंच बाबांचा पगार दिला, माझं डी.एड. त्याच पगारातून झालं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकार आहेत म्हणून त्याला उशाशी घेऊन झोपायचं, असं थोडंच आहे?

माझ्या वर्गात आजही काही मुलांच्या स्वेटरला कोळशाच्या धुराचा वास येतो. त्यांना मी दर हिवाळ्यात जे सांगते, तेच तुम्हांलाही सांगते. कोळसा असो की लाकूड, पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. शेकताना दार-खिडकी उघडी ठेवा. डोकं दुखलं, मळमळलं, की आधी बाहेर मोकळ्या हवेत या, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग दवाखाना गाठा.

आणि हो, एक छोटासा गृहपाठ! तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, जे एकच माणूस रोज करतं आणि ज्याचे तास कुणीच मोजत नाही? एक आठवडाभर ते घड्याळ लावून मोजा. मग त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुला याचा कंटाळा येतो का गं?" किंवा "येतो का हो?" उत्तर मात्र नीट कान देऊन ऐका. काय, विचाराल ना?