दुसऱ्याच्या हातासाठी कोरलेला गुलाब

लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला २०१९ मध्ये तीस वर्षं झाली, तेव्हा संग्रहालयाने ज्याँ-मिशेल ओतोनिएल या फ्रेंच कलावंताला बोलावलं. एवढ्या मोठ्या संग्रहातून त्याने उचलला तो रुबेन्सच्या चित्रातला, मारी द मेदिचीच्या विवाहात पायऱ्यांवर गळून पडलेला एक गुलाब. त्यातून वर्खावर काळ्या शाईने रंगवलेले मोठाले गुलाब झाले. मधल्या छटा जवळजवळ नाहीतच. नुसत्या काळ्याच्या वळणांवर फूल उभं आहे. प्लेटवर कोरकाम करणाऱ्या माझ्यासारखीला ते पाहताच तांबं आठवतं.

आणि तांबं तर लूव्रच्या घरातलंच. तिथली शाल्कोग्राफी, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या प्लेटांचा संग्रह, १७९७ पासूनची. तेरा हजारांहून जास्त प्लेट तिथे जपल्या आहेत. चौदाव्या लुईच्या काळात निकोला रोबेर आणि त्याच्या सोबत्यांनी कोरलेल्या वनस्पतीही त्यांत आहेत. प्रिंट अजून हातानेच निघतात. लुईज बुर्ज्वा, बाझेलिट्झ अशा आपल्या काळातल्या कलावंतांकडूनही संग्रहालयाने प्लेट करून घेतल्या.

मला यातलं मोलाचं वाटतं ते प्लेट ठेवून घेणं. एरवी ठरलेले प्रिंट निघाले की आम्ही प्लेटवर आडवी रेघ मारून ती बाद करतो. संग्रहालयासाठी कोरायचं तर आपल्यामागे कुणी अनोळखी कारागीर तिच्यावर शाई चढवणार, हे धरूनच कोरावं लागतं. फुलात हे फार जाणवतं. जाळीदार कापडाने शाई पुसून झाली की शेवटचा हात तळव्याचा. तळवा हलका फिरला तर प्लेटवर शाईची पुसट साय राहते आणि पाकळी मऊ दिसते. जोरात फिरला तर तीच पाकळी कोरडी पडते. पुसण्यावर सोडलेला मऊपणा असा हातागणिक बदलतो. तो रेषेच्या खोलीतच बसवायला हवा: पाकळीच्या मुडपीशी ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, खोल दाबायचा, कडेकडे येताना उचलत न्यायचा, आणि उजेडाची कड कोरायचीच नाही. ती कागदाने द्यायची.

ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईने थेट तांब्यावर ओढलेली, मखमली रेघ गुलाबासाठी मोहात पाडते, हे खरं. पण सुईने उचललेली ती तांब्याची कोर प्रेसखाली लवकर चेपते. प्लेटवर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवला तर ती जास्त टिकते. तो झिजला की उतरवून नवा चढवता येतो. तरीही अशा कामाला मी ब्युरिनच घेईन.