आधी खोकी उतरवा

चकलांब्यातल्या आमच्या जुन्या घराला माळवद होतं. मृगाचा पाऊस लागला की कुठल्या तरी खणात गळती सुरू व्हायची आणि थोरल्या काकूची हाक यायची, "आधी खोकी उतरवा रे!" कणग्या उंच ओट्यावर होत्या, पुठ्ठ्याची खोकी मात्र भिंतीतल्या फडताळात, ओलीला लागून.

त्या फडताळात काकांच्या लग्नातल्या एचएमटी घड्याळाची पुठ्ठ्याची डबी होती. रेडिओच्या खोक्यात खरेदीखतं. आणि खालच्या कप्प्यात आम्हा चुलत भावंडांचं धन: पुण्याच्या मामाने आणलेला व्यापाराचा डाव, अन् बुटाच्या खोक्यात चारमिनार सिगारेटची पिवळी पाकिटं आणि काडेपेटीचे छाप. आमचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. तिथली चारमिनार गल्लोगल्ली सापडायची, म्हणून आमच्या खेळात तिला भाव सगळ्यात कमी. अंबरनाथच्या विम्कोची पेटी पाण्यात टाकली की छाप अलगद सुटायचा. तो आम्ही पाटीवर चिकटवून वाळवायचो.

हीच युक्ती मी एकदा व्यापाराच्या झाकणावर करायला गेलो. काकूने हात धरला. "कामून पुसायलास ओल्या फडक्यानं? पुठ्ठा फुगल!" खरंच आहे ते. पुठ्ठा म्हणजे लगद्याचे थर. पाणी आत शिरलं की थर सुटतात, वरचा छापील कागद पोपडा धरतो. काकू आधी काकांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने धूळ झाडायची, मग कोरडं मलमल. तेलाचा डाग पडला तर खडूची पूड पसरून रात्रभर ठेवायची. बुरशी आली तर खोकं ओसरीवर, वाऱ्याला, पण सावलीत. उन्हाने रंग उडतो नि पुठ्ठा पिवळा, ठिसूळ होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कोपरा फाटला की चुलीवर गव्हाच्या पिठाची खळ शिजायची. खळ गार होत आली की त्यात चिमूटभर मोरचूद. कसरीला पिठाची खळ आवडते, मोरचूद पडलं की ती फिरकत नाही. ते विष, म्हणून त्या वाटीला आम्ही हात लावायचा नाही, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकात जायची नाही. कप्प्यात कडुलिंबाचा वाळला पाला असायचाच.

दसरा झाला की गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. जाताना काहीजण त्यांची खोकी काकूकडे ठेवून जात. सहा महिने बंद घरात उंदीर नि कसर काय ठेवणार? काकू ती खोकीसुद्धा आमच्या खोक्यांइतक्याच मायेने महिन्याला एकदा उघडून झटकायची. परत आलेली माणसं खोकं आधी उलटसुलट बघत आणि मग पाणी पीत, हे मला अजून दिसतं.

एचएमटीने १९६१ पासून आपल्याला मनगटी घड्याळं दिली. २०१६ मध्ये ती घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरलं, आणि आता जुनं घड्याळ डबीसकट, वॉरंटी कार्डासकट असेल तर हौशी संग्राहक जास्त मोल देतात. आम्हा भावंडांतल्या धाकट्याने काकांची डबी विकायची नाही असं आधीच सांगून टाकलं. मला ते पटलं.

गेल्या दिवाळीला आम्ही सगळ्यांनी व्यापाराचा डाव उतरवला. एका कोपऱ्याला मी कॉलेजात असताना चिकटपट्टी लावली होती. ती केव्हाच वाळून गळून पडली, मागे तपकिरी डाग राहिला. तो आता निघत नाही. काकूने लावलेले तीन कोपरे अजून घट्ट आहेत. आतल्या बाजूने तिने जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी लावलीय. तिच्यावर 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येतं, पुढचं नाव घडीखाली गेलंय. कुणाचं लग्न, यावर आमचा रात्री बारापर्यंत वाद चालला. पट्टी उचकटून बघू, असं मात्र कुणी म्हणालं नाही.