दहा शनिवार

आमच्या शाळेच्या कार्यालयामागें एक अरुंद खोली आहे. पूर्वीं तींत नकाशे व लेझिमी ठेवीत. आतां तेथें शाळेचें मुख्य संगणकयंत्र, ज्यास सर्व्हर म्हणतात, तें असतें. विद्यार्थ्यांस तें सहसा दिसत नाहीं. परंतु हजेरी, गुण, ग्रंथालयाची यादी आणि संगणकवर्गांत टंकलेला प्रत्येक निबंध तारेवाटे त्याच खोलींत येऊन साठतो. त्याची देखरेख आम्हांकडे आहे. आमचा विषय मराठी. परंतु लहान गांवच्या शाळेंत ज्यानें एकदां संगणकाची सुटलेली तार जोडून दिली, त्याच्याकडे तें खातें कायमचेंच येतें.

ता. ८ जानेवारी २०२५ रोजीं फुलंब्रींत वीज तीनदां गेली व तीनदां आली. त्यांत नवल नाहीं. परंतु वीज गेल्यावर यंत्रास कांहीं मिनिटें जागें ठेवणारी बॅटरी उन्हाळ्यापासून निकामी झाली होती, व ती बदलण्याचें आम्हीं आज-उद्यांवर ढकलीत आलों होतों. तिसऱ्या खेपेस यंत्र सुरू झालें नाहीं. आंतून घड्याळासारखी टकटक मात्र ऐकूं येऊं लागली.

त्या यंत्रांत दोन डिस्का होत्या. जें एकीवर लिहिलें जाई, तें त्याच क्षणीं दुसरीवरही उतरे. एक बिघडली तर दुसरी काम चालवी. दुसरी डिस्क कित्येक आठवड्यांपूर्वींच बंद पडली होती व तिचा तांबडा दिवा लागलेला होता. तो दिवा आम्हीं रोज पाहत होतों. काम चाललें आहे तोंवर दिव्याचें काय, असें मनाशीं म्हणून कुलूप लावीत होतों.

तरीही आम्ही फारसे घाबरलों नाहीं. दर शनिवारीं रात्रीं सर्व मजकुराची प्रत एका स्वतंत्र डिस्कवर आपोआप घेतली जाई, व ती डिस्क आमच्या कपाटांत होती. येथें पालकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्रांतील जोड डिस्क म्हणजे खरी दुसरी प्रत नव्हे. एखाद्या मुलानें चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. खरी प्रत ती, जी यंत्रापासून वेगळी, आणि शक्य तर वेगळ्या इमारतींत ठेविली आहे.

संभाजीनगराहून एक तरुण कारागीर आला. त्यानें नव्या डिस्का बसविल्या, यंत्राची मूळ प्रणाली घातली आणि कपाटांतील डिस्क जोडली. आधीं एक संपूर्ण प्रत उतरवावयाची, व मग पुढील प्रत्येक आठवड्याचे फेरफार क्रमानेंच तिच्यावर चढवावयाचे. मधला एक आठवडा जरी गाळला तरी पुढचे जुळत नाहींत. हें काम रात्रभर चाललें. आम्ही दोघे चहा पीत बसलों होतों.

त्या रात्रीं आम्हांस श्रीरामपूरचें स्मरण झालें. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नव्हे, बंगालमधील. विल्यम कॅरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश प्रसिद्ध केला, तो तेथील मिशनच्या छापखान्यांतून. त्या छापखान्यास ११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं आग लागली. कॅरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. कागद जळाला, शिशाचे खिळे वितळून त्यांच्या लाद्या झाल्या. परंतु ज्या पोलादी ठशांवरून ते खिळे पाडीत, ते राखेखालीं शाबूत सांपडले. वितळलेल्या धातूचे पुनः खिळे पाडले गेले, व थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. मात्र कॅरी ज्या बहुभाषी कोशावर कित्येक वर्षें खपत होते, त्याचीं हस्तलिखितें जळालीं. त्यांचा ठसा कोठेंच नव्हता.

पहाटे चारच्या सुमारास कारागिरानें विचारलें, "सर, शेवटची प्रत ऑक्टोबरची कशी?" आमच्या हातांतील पेला तसाच राहिला. २६ ऑक्टोबर २०२४ च्या शनिवारीं ती डिस्क भरली होती. त्यापुढील दहा शनिवारीं यंत्रानें प्रत घेण्याचा प्रयत्न केला, व दहाही वेळां जागा नाहीं अशी सूचना लिहून ठेविली. ती सूचना कोणास पोंचावी, हें आम्हीं यंत्रास कधींच सांगितलें नव्हतें. आणि ती प्रत घेऊं लागल्यापासून एकदांही, निदान एक फाइल तरी, तिच्यावरून परत आणून पाहिली नव्हती. मुलांची पाटी आम्ही दोनदां तपासतों!

गुण शिक्षकांच्या वह्यांतून पुनः भरले. त्यास चार दिवस लागले. हजेरी पटावरून आली. दाखल्यांची अडचण मुळींच पडली नाहीं, कारण आमचे वृद्ध लिपिक जनरल रजिस्टर अजून शाईनें लिहितात. त्यांच्या त्या हट्टास आम्हीं पूर्वीं हंसलों होतों. टकटकणारी डिस्क पुण्यास पाठविली. आंतील तबकडीवर ओरखडे आहेत, कांहीं निघणार नाहीं, असें उत्तर आलें.

राहिले ते या वार्षिकाचे लेख. नाताळापूर्वीं मुलांनीं ते टंकून दिले होते. बहुतेकांचा कच्चा खर्डा घरीं सांपडला. इयत्ता नववींतील एका मुलीचा सांपडला नाहीं. तिनें आजोबांजवळ बसून, बहात्तरच्या दुष्काळांत त्यांनीं गिरिजेच्या कांठीं खणलेल्या विहिरीची हकीगत थेट संगणकावर उतरविली होती. आजोबा डिसेंबरांत वारले. आम्हीं तिची क्षमा मागितली. ती कांहीं बोलली नाहीं, व आठ दिवस आमच्या तासास खालीं मान घालून बसली.

मग एके दिवशीं वर्गांत लीळाचरित्राचा विषय निघाला. चक्रधरस्वामींच्या लीळांचा म्हाइंभटांनीं सिद्ध केलेला तो ग्रंथ चवदाव्या शतकाच्या आरंभींच्या स्वाऱ्यांत नाहींसा झाला. मग महानुभावांनीं तो आठवणींतून पुनः लिहिला, व एकाहून अधिक जणांनीं लिहिल्यामुळें त्याचे निरनिराळे पाठ झाले. हें आम्हीं तिच्याकडे न पाहतांच सांगितलें. तिनें तें आपल्यासाठींच आहे असें ओळखलें असावें. तिसऱ्या दिवशीं तिनें चार पानें आणून टेबलावर ठेविलीं, व जातांना म्हणाली, "सर, पहिलें यापेक्षां चांगलें होतें."

तें खरें आहे. पहिलें आम्हीं वाचलें होतें. पाणी लागलें तेव्हां आजोबा काय म्हणाले, तें वाक्य या लेखांत नाहीं, आणि आम्हांसही तें आठवत नाहीं. तिच्या चुलत्यानें सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र नव्यानें आल्या आहेत. विहीर किती हात खोल गेली, तो आंकडा तिनें रिकामा सोडला आहे. मुद्रकानें त्याविषयीं दोनदां विचारलें. आम्हीं ती जागा तशीच ठेवावयास सांगितली आहे.